परिशेषानुमान आणि शिवजन्मतिथीचा निर्णय : कालगणनेतील एका कूटप्रश्नाची उकल

स्पर्धा परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत एक ठरावीक प्रकारचा प्रश्न असतो. पाच व्यक्ती, पाच गावे, पाच व्यवसाय दिलेले असतात. सोबत सहा-सात विधाने असतात, आणि अमुक व्यक्ती कोणत्या गावची ते सांगायचे असते. विद्यार्थी कागदावर चौकटी आखतो आणि जे संभवत नाही त्यावर फुली मारत जातो. शेवटी ज्या चौकटीत फुली पडत नाही ते उत्तर. मुळशी तालुक्यातील आमच्या महाविद्यालयात पोलीस भरतीची आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी मुले अशी कोडी सफाईने सोडवतात. तीच मुले इतिहासाच्या तासाला मात्र 'सर, नक्की साल कोणते ते सांगा' एवढीच अपेक्षा ठेवतात. इतिहासातले सालही पुष्कळदा याच रीतीने हाती येते, हे त्यांना सांगावे लागते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या इतिहासातील एका सुप्रसिद्ध वादाची, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादाची, मांडणी या पद्धतीच्या दृष्टीने केली आहे. तिथीविषयी नवे मत मांडण्याचा हेतू नाही. तो निर्णय कोणकोणत्या पायऱ्यांनी झाला, आणि त्यातील प्रत्येक पायरी कितपत भक्कम आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

या पद्धतीला आपल्या परंपरेत नाव आहे. न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी शेषवत् अनुमानाचा एक अर्थ वात्स्यायनाने आपल्या भाष्यात 'परिशेष' असा दिला आहे : जे जे प्राप्त होऊ शकते त्याचा एकेक करून निषेध करावयाचा आणि जे उरते त्याचा स्वीकार करावयाचा. त्याचे उदाहरण शब्दाचे आहे. शब्द हा द्रव्य, गुण वा कर्म यांपैकी काहीतरी असला पाहिजे. तो द्रव्य नाही, कर्मही नाही. म्हणून तो गुण होय. या अनुमानाचे बळ दोन गोष्टींवर अवलंबून आहे. विकल्पांची यादी पूर्ण असली पाहिजे, आणि प्रत्येक निषेध स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे. परीक्षेतल्या कोड्यात या दोन्हींची हमी प्रश्न काढणारा देतो. शिवाय दिलेली सर्व विधाने खरी आहेत, ही तिसरी हमीही तोच देतो. इतिहासात यांपैकी एकही हमी नसते. तेथे विधान म्हणजे साक्ष, आणि साक्ष खोटी, चुकीची वा उसनी असू शकते. म्हणून इतिहासकाराला उत्तरांवर फुल्या मारण्याआधी साक्षीदारांवरही माराव्या लागतात.

शिवजन्माविषयी दीर्घकाळ प्रचलित असलेली तिथी शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध २ ही होती. इसवी सनाच्या हिशेबात एप्रिल १६२७. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात १६२७ चाच मे महिना दिला. बखरींमध्ये तिथीचे आकडे बदलतात, कोठे द्वितीया तर कोठे पंचमी. परंतु शक बहुधा १५४९ हाच येतो. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत मृत्यूची तिथी दिली असली तरी जन्माची तिथी दिलेली नाही. सर्वांत जवळचा बखरकार जेथे गप्प आहे, तेथे शंभर-सव्वाशे वर्षांनंतरचे बखरकार निःशंकपणे बोलतात. ही गोष्ट आधीच संशयास्पद वाटावयास हवी होती.

दुसरी तिथी पुढे आली ती १९१६ मध्ये. भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुख घराण्याच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध केली. टिळकांचा अधिकार येथे दुहेरी होता. 'ओरायन' लिहिणारा आणि पंचांगशोधनाच्या चळवळीत पडलेला हा माणूस तिथी-नक्षत्रांचे गणित स्वतः जाणत होता. जेधे शकावलीत जन्माची नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी आहे आणि नक्षत्राच्या घटी-पळांपर्यंतचा तपशील दिला आहे. इसवी सनाने हा दिवस १९ फेब्रुवारी १६३० होतो.

मुळशीच्या वाचकाला या दप्तराचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, त्यांच्या पलीकडे रोहिड खोरे : बारा मावळांतील प्रत्येक खोऱ्याला आपले देशमुख घराणे होते. वतनाचे तंटे पिढ्यान्पिढ्या चालत आणि ते कागदांच्या जोरावरच जिंकले जात. तारखा जपून ठेवणे ही या घराण्यांची हौस नव्हती. ती त्यांच्या उपजीविकेची बाब होती. कान्होजी जेधे आणि त्यांच्या वंशजांनी घटनांच्या नोंदी का ठेवल्या असतील, याचे हे साधे उत्तर आहे.

आता विकल्प दोन झाले. यांतील एकावर फुली मारण्याची साधने कोणती? येथे आपल्या जुन्या कालनिर्देशाची रचनाच मदतीला येते. एका दिवसाचा निर्देश करताना शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार आणि पुष्कळदा नक्षत्रही सांगितले जाते. दिवस निश्चित करण्यास एवढ्या गोष्टींची आवश्यकता नसते. शक, मास, पक्ष आणि तिथी पुरतात. उरलेल्या गोष्टी जादा आहेत, आणि त्या जादा आहेत म्हणूनच उपयोगी आहेत. वार आणि तिथी यांची चक्रे स्वतंत्र आहेत. सात दिवसांचे चक्र चंद्राला विचारून फिरत नाही. एखाद्याने मागाहून तिथी रचली आणि तिला अंदाजाने वार जोडला, तर तो बरोबर येण्याचा संभव ढोबळमानाने सातांत एक.

सर्वच जादा अंगे सारखी उपयोगी नसतात, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. संवत्सराचे नाव शकावरून गणिताने निघते : शकात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी राहील तितके संवत्सर. १५४९ मध्ये १२ मिळवले की १५६१, बाकी १. पहिले संवत्सर प्रभव. १५५१ मध्ये मिळवले की १५६३, बाकी ३, तिसरे शुक्ल. दोन्ही पक्षांची संवत्सरे आपापल्या शकाशी अचूक जुळतात. काही अभ्यासकांनी १५४९ च्या बाजूने प्रभव संवत्सराचा दाखला दिला आहे, त्यात अर्थ नाही. ज्याला शक ठाऊक आहे त्याला संवत्सर बोटांवर काढता येते. एकाच साक्षीदाराने तीच गोष्ट दोनदा सांगितली, एवढाच त्याचा अर्थ. ही कसोटी कोणालाच वगळत नाही, म्हणून ती बाजूला ठेवावी.

वाराची कसोटी वगळते. वैशाख शुद्ध द्वितीयेसोबत परंपरेत गुरुवार सांगितला जातो. गणित केले असता शके १५४९ मध्ये चैत्राची अमावास्या संपते ती जुन्या इंग्रजी पद्धतीच्या ५ एप्रिल १६२७ च्या मध्यरात्रीनंतर थोड्या वेळाने. ५ एप्रिल हा गुरुवार होता. म्हणजे त्या गुरुवारी दिवसभर अमावास्याच होती. शुक्रवारी सूर्योदयास प्रतिपदा आणि शनिवारी सूर्योदयास द्वितीया. पुढचा गुरुवार धरावा तर शुद्ध पक्ष सप्तमीच्या आसपास पोचलेला असतो. गुरुवारची द्वितीया त्या महिन्यात नाहीच. उलट शके १५५१ च्या फाल्गुनात पौर्णिमा संपल्यानंतर वद्य तृतीया शुक्रवारी सूर्योदयास होती आणि ती त्या दिवशी सूर्यास्तानंतरही काही काळ होती. चंद्र त्या दिवशी कन्या राशीत, सकाळी हस्त नक्षत्रात होता. जेधे शकावलीतील तिथी, वार आणि नक्षत्र ही तिन्ही अंगे एकमेकांशी जुळतात.

अशा कसोट्या वापरताना आधी त्या एखाद्या निर्विवाद तारखेवर चालवून पाहाव्यात. आमच्या तालुक्यातले उदाहरण घेऊ. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाला. तो शके १८४३. त्यात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी ५५, म्हणजे दुर्मति संवत्सर. वार शनिवार. त्या महिन्याची अमावास्या ८ एप्रिलची, कारण त्या दिवशी सूर्यग्रहण झाले होते. तेथून नवमी १६-१७ एप्रिलच्या सुमारास येते. पद्धत बरोबर ठिकाणी पोचवते. पण या उदाहरणातून एक मर्यादाही दिसते. रामनवमी मध्याह्नीच्या तिथीवरून ठरते, पंचांगातला दिवस सूर्योदयाच्या तिथीवरून; त्यामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून वारात एका दिवसाची तफावत दिसली की लगेच साक्ष बाद करणे अन्यायाचे होईल. १६२७ च्या द्वितीयेची तफावत दोन दिवसांची आहे आणि अमावास्या आडवी येते, म्हणून ती सवलत तिला मिळू शकत नाही.

तरीही येथे थांबता येणार नाही. वार चुकला म्हणून तिथीची ती विशिष्ट नोंद बाद झाली. शके १५४९ बाद झाला असे नव्हे. वार लिहिणाऱ्याने चुकवला असेल, तिथी खरी असेल. जुन्या पक्षाच्या समर्थकांनी असे म्हटले तर ते तर्काला सोडून नाही. त्याचप्रमाणे जेधे शकावलीची अंगे जुळतात, यावरून ती तिथी एका खऱ्या पंचांगावरून घेतली आहे एवढे सिद्ध होते. त्या दिवशी कोणाचा जन्म झाला हे पंचांग सांगत नाही. याच ठिकाणी काही उत्साही लेखकांनी घाई केली आहे असे मला वाटते. गणित नोंदीची शुद्धता तपासते. घटनेची सत्यता तपासण्यास दुसरे साक्षीदार लागतात.

ते पुढच्या काळात मिळाले. कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावरच्या हस्तलिखितावरून सदाशिव महादेव दिवेकर यांनी संपादित केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. परमानंद महाराजांच्या हयातीतला, त्यांच्या आश्रयाखालचा कवी. त्याने शक आकड्यांत न देता संकेतशब्दांत दिला आहे : भू म्हणजे एक, बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक. असे शब्दांक उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असतात आणि तो क्रम चुकल्याने अनेक शिलालेखांच्या तारखा बिघडल्या आहेत; येथे सुदैवाने १५५१ हा आकडा दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जातो. संवत्सर शुक्ल, अयन उत्तर, ऋतू शिशिर, फाल्गुन वद्य तृतीया, वेळ रात्रीची. यातील उत्तरायण काहीच वगळत नाही, कारण वैशाखही उत्तरायणातच येतो. शिशिर ऋतू मात्र वैशाखाला जागा ठेवत नाही. कवी एक वेळ शकाचा शब्द छंदासाठी फिरवील, पण ऋतू, मास आणि तिथी ही सारी एकदम फिरवण्याचे कारण दिसत नाही.

तिसरी साक्ष सर्वांत दूरची आणि माझ्या मते सर्वांत बोलकी आहे. जोधपूरच्या मिठालाल व्यास यांच्या संग्रहातील जुन्या कुंडल्यांमध्ये शिवाजी राजांची कुंडली मिळाली. तीत विक्रम संवत १६८६, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार असा उल्लेख आहे. येथे एक पेच आहे. मारवाडात महिने पूर्णिमान्त, आपल्याकडे अमान्त. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्याचा असतो; वद्य पक्षाचे नाव मात्र एका महिन्याने पुढे सरकते. आपला फाल्गुन वद्य हा त्यांचा चैत्र वद्य. म्हणून जोधपूरच्या कागदातला 'फाल्गुन वद्य' पूर्णिमान्त धरला, तर तो आपल्या माघ वद्याशी जुळतो आणि जन्म सुमारे एक महिना मागे, जानेवारी १६३० मध्ये जातो. हा तिसरा विकल्प कोड्याच्या मूळ यादीत नव्हताच. त्याचे निरसन कुंडलीतच आहे. सूर्य कुंभ राशीत दाखविला आहे. माघ वद्य तृतीयेस तो मकरेत होता, कुंभेत नव्हता. म्हणजे कुंडलीतला महिना दक्षिणेच्या अमान्त गणनेचा आहे. यावरून असेही अनुमान करता येते की, ही माहिती दक्षिणेतल्या कोणत्या तरी कागदावरून, महिन्याचे नाव न बदलता, मारवाडात गेली.

याच कुंडलीत आणखी एक अंतर्गत मेळ आहे. लग्न सिंह, सूर्य कुंभेत, म्हणजे सप्तम स्थानी. जन्मसमयी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास आणि सूर्याची रास समोरासमोर असतील तर ती वेळ सूर्यास्ताच्या जवळची असते. शिवभारत रात्र सांगते. दोन्ही विधाने एकमेकांना धरून आहेत, आणि वद्य तृतीया त्या सायंकाळी चालू होती हे वर आलेच आहे.

रोहिड खोऱ्यातले देशमुखी दप्तर, तंजावरचे संस्कृत हस्तलिखित, जोधपूरच्या ज्योतिषाचा संग्रह. या तिघांची माहिती मुळात एकाच ठिकाणाहून, म्हणजे महाराजांच्या घरच्या जन्मपत्रिकेतून, निघाली असणे अगदी शक्य आहे. तशी ती निघाली असेल तर त्यांना पूर्ण स्वतंत्र म्हणता येणार नाही. पण प्रवास त्यांनी वेगवेगळ्या वाटांनी केला आहे. एकाच्या लेखनिकाची चूक दुसऱ्याकडे जाण्यास वाट नव्हती. तीनही ठिकाणी एकच शक, एकच मास आणि एकच तिथी उरते, ती नकलेतल्या चुकीने उरणे शक्य नाही. १५४९ च्या बाजूला साक्षी संख्येने अधिक दिसतात. परंतु मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, आणि त्या वळणाच्या इतर बखरीही उत्तरकालीन, एकमेकींचा आधार घेणाऱ्या. त्या सर्वांची मिळून फार तर एक साक्ष मोजावी. शकावलीची इतर ठिकाणची वर्तणूकही लक्षात घ्यावी लागते. अफजलखानाच्या वधाची मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१ ही तिथी १० नोव्हेंबर १६५९, गुरुवार, अशी बरोबर उतरते; आग्र्याहून सुटकेची श्रावण वद्य १२, शके १५८८ ही तिथी राजस्थानी पत्रांशी जुळते. शकावलीतील सगळ्याच नोंदी निर्दोष नाहीत. पण जेथे पडताळा घेता येतो तेथे ती बहुतेक उत्तीर्ण होते.

प्रश्न केवळ तीन वर्षांचा आहे, त्यावर एवढी शाई कशाला, असे काहींना वाटते. त्यांना शहाजीराजांचे चरित्र उघडून पाहण्यास सांगावे. शके १५४९ धरला तर जन्म शाहजहान गादीवर येण्यापूर्वीचा. मलिक अंबर नुकताच, १६२६ मध्ये, वारलेला. निजामशाही डळमळीत पण उभी. शके १५५१ धरला तर चित्र पालटते. जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस लखुजी जाधवरावांची निजामशहाकडून हत्या झालेली आहे. जिजाबाईंचे वडील मारले गेल्याला सात महिने होत आहेत, खानजहान लोदीच्या बंडामुळे मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या आहेत, आणि त्याच वर्षी पुढे दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळणार आहे. लखुजी जावयाचा पाठलाग करीत आले आणि गरोदर लेकीला शिवनेरीवर सोडावे लागले, ही बखरींतली हृदयस्पर्शी कथा या चित्रात बसत नाही. फाल्गुनात जन्मलेल्या मुलाच्या आईला दिवस भरत आले तेव्हा लखुजी हयात नव्हते. जुन्या पक्षाने हीच कथा १६२७ ची साक्ष म्हणून वापरली. कथा त्याच बखरींतली, तिथीही त्याच बखरींतली. एकीचा आधार दुसरीला दिल्याने पुरावा वाढत नाही. वयाचा हिशेबही बदलतो. राज्याभिषेकाच्या वेळी, जून १६७४ मध्ये, महाराज सत्तेचाळीस नव्हे तर चव्वेचाळीस वर्षांचे होते. एप्रिल १६८० मध्ये निधनाच्या वेळी पन्नास पूर्ण झाले होते.

एवढा पुरावा जमूनही निर्णय लोकमान्य होण्यास पाऊणशे वर्षे गेली. १९६६ मध्ये महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, न. र. फाटक, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे यांच्यासारखे विद्वान तीत होते. तरी तीत एकमत झाले नाही. खरे आणि चिकित्सक फाटक एका मेजाभोवती बसलेले असताना एकमताची अपेक्षा करणेही थोडे भोळेपणाचेच होते. अखेर २००१ पासून शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

या स्वीकारातून एक नवाच प्रश्न निघाला. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन, पद्धतीची आहे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत तीच पद्धत वापरली. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो. वार दोन्हीकडे शुक्रवारच. शके १५५१ वरून इसवी सन काढताना ७८ मिळवून १६२९ लिहिणारेही पुष्कळ आहेत. फाल्गुन इसवी सनाच्या नव्या वर्षात पडत असल्याने तेथे ७९ मिळवावे लागतात. यंदाच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी या दोन्ही रूपांतरांचे गणित स्वाध्याय म्हणून दिले होते. निम्म्या वहीत १६२९ आले. उरलेल्यांपैकी काहींनी १ मार्च काढला आणि आपले उत्तर चुकले असे समजून ते खोडून पुन्हा १९ फेब्रुवारी लिहिले. खोडलेल्या उत्तरांना मी पूर्ण गुण दिले.